सायकलवरचे डाकू

आमच्या दोंडाईच्यात मिरचीचा हंगाम, तसा मालेगावात शुक्रवार. त्या दिवशी यंत्रमाग थांबतात. खटखट बंद झाली की जुमाची नमाज, आणि मग सिनेमा. आमच्याकडून धुळ्यामार्गे आग्रा रोडने गेलं की मालेगाव लागतं. बाकीच्या महाराष्ट्राला मात्र ते फक्त दंगलीने नाहीतर बॉम्बस्फोटाने आठवतं.

याच गावात शेख नासिर व्हिडिओ पार्लर चालवायचे. चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली ही त्यांची शाळा. एका व्हीसीआरवरचे प्रसंग दुसऱ्यावर उतरवता उतरवता ते संकलन शिकले. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या हातांनी मग 2000 साली 'मालेगाव के शोले' बनवला. खर्च सुमारे 50,000 रुपये. घोडे कुठून आणणार? गब्बरचे डाकू सायकलींवर आले! क्रेनचं काम बैलगाडीने केलं. नट म्हणजे गावातलेच कामगार, दुकानदार. गावाने सिनेमा डोक्यावर घेतला.

अमेरिकेत रॉबर्ट रॉड्रिग्जने 1992 मध्ये 'एल मारियाची' सुमारे 7,000 डॉलरमध्ये केला. पैशासाठी त्याने औषधांच्या चाचणीला स्वतःचं शरीर दिलं होतं. पण त्याचा सिनेमा कोलंबियाने घेतला आणि हॉलिवूडचं दार उघडलं. मालेगावच्या या मंडळींना मुंबई तीनशे किलोमीटरच्या आत असूनही लांबच राहिली. लेखक फरोग जाफरी तर मुंबईचं स्वप्न उराशी बाळगून होते.

एक गोष्ट आपणच कबूल करायला हवी. या सिनेमांतल्या नायिका बाहेरगावाहून आणाव्या लागत. आपल्या घरातल्या मुलींना कॅमेऱ्यासमोर जागा नव्हती. गाव पडद्यावर आलं ते अर्धंच. यावर हसून पुढे जाणं मला जमत नाही.

पुढे नासिरभाईंनी 'मालेगाव का सुपरमॅन' काढला. सुपरमॅन झाला काडीसारखा शफीक शेख, यंत्रमागावर राबणारा. पडद्यावर त्याची लढाई तंबाखूच्या धंद्याशी होती. फैजा अहमद खान यांनी त्या शूटिंगवर माहितीपट केला, 'सुपरमेन ऑफ मालेगाव'. आपल्याकडच्या थिएटरांत तो 2012 मध्ये लागला. शफीक त्याआधीच, 2011 मध्ये, तोंडाच्या कॅन्सरने गेला होता.