सागरी गाळाने जपलेला पुरातन उष्णकाल

सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन युग संपून इओसीन युग सुरू होताना, पृथ्वीचे सरासरी तापमान ५ ते ६ अंश सेल्सिअसने वाढले. या घटनेस ‘पॅलिओसीन-इओसीन उष्णकाल’ म्हणतात. तिचा सर्वांत विश्वासार्ह पुरावा सागरतळावर साचलेल्या गाळात व त्यापासून बनलेल्या खडकांत आढळतो.

अंटार्क्टिकाजवळील वेडेल समुद्राच्या तळातून १९८७ मध्ये काढलेल्या गाळाचा अभ्यास करून जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी १९९१ मध्ये या आकस्मिक तापमानवाढीचे वर्णन केले. फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांची सूक्ष्म कवचे हा त्यांचा आधार होता. कवच तयार होताना पाणी जितके उष्ण, तितके त्यातील जड ऑक्सिजनचे प्रमाण कमी असते. त्याच थरात हलक्या कार्बनचे प्रमाणही एकाएकी वाढलेले दिसते. याचा अर्थ, वातावरणात व महासागरात प्रचंड कार्बन मिसळला होता. उत्तर अटलांटिकमधील ज्वालामुखींचे उद्रेक आणि सागरतळातील गोठलेल्या मिथेनचे वितळणे ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात.

दक्षिण अटलांटिकमधील वॉल्व्हिस पर्वतरांगेवर २००३ मध्ये घेतलेल्या वेधांत हा बदल नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. तेथे फिकट चुनखडीयुक्त गाळाच्या मध्येच लालसर चिकणमातीचा पट्टा आहे. पाणी आम्लधर्मी झाल्याने कवचे विरघळली आणि केवळ माती उरली. खोल सागरतळावरील फोरॅमिनिफेरांच्या ३० ते ५० टक्के जाती या काळात नष्ट झाल्या.

इओसीन युगाच्या आरंभाची जागतिक प्रमाणरेषा इजिप्तमधील लक्सरजवळच्या दबाबिया येथील खडकांत निश्चित करण्यात आली आहे. आज वाळवंट असलेला हा प्रदेश तेव्हा समुद्राखाली होता.

खडकांची झीज आणि सागरतळावर पुन्हा साचणारा गाळ यांनी हा अतिरिक्त कार्बन हळूहळू शोषून घेतला. त्यास दीड ते दोन लाख वर्षे लागली. तेव्हाचे कार्बन-उत्सर्जन काही सहस्रके चालले होते. आजच्या उत्सर्जनाचा वार्षिक वेग त्याच्या सुमारे दहापट असावा, असा अंदाज आहे. म्हणूनच चिकणमातीचा तो पट्टा केवळ भूतकाळाची नोंद राहत नाही. पृथ्वी पूर्वपदावर येते. परंतु ती मानवी कालगणनेने नव्हे, हे तो सांगतो.