बुडबुड्यांतील प्रकाश

तिरोडीसारख्या खाणीच्या गावी पाणी उपसणाऱ्या पंपाचे महत्त्व सांगावयास नको. या पंपाच्या पात्यावर कधी कधी बारीक खड्डे पडतात. पाण्याचा दाब एकाएकी उतरला की तेथे बुडबुडे उत्पन्न होतात. दाब वाढताच ते कोसळतात आणि त्या आघाताने पोलादही झिजते. जहाजांच्या पंख्यांचीही हीच गत होई. म्हणून लॉर्ड रॅले यांनी १९१७ साली कोसळणाऱ्या पोकळीचे गणित मांडले.

हाच संहारक बुडबुडा प्रकाशही देतो, हे मात्र योगायोगाने कळले. मनुष्याच्या कानास ऐकू न येणाऱ्या, सेकंदास वीस हजारांहून अधिक कंपनांच्या ध्वनीस श्राव्यातीत ध्वनी म्हणतात. १९३४ साली जर्मनीतील कोलोन येथे फ्रेंझेल आणि शुल्टेस यांनी छायाचित्रे लवकर धुतली जावीत म्हणून धुण्याच्या द्रवात असा ध्वनी सोडला. फिल्मवर बारीक ठिपके उमटले. ती सदोष म्हणून फेकून देणे सोपे होते. त्यांनी ठिपक्यांचे कारण शोधले. ध्वनीने उत्पन्न केलेले बुडबुडेच प्रकाशत होते!

हा प्रकाश येतो कोठून? सायकलच्या पंपात हवा जोराने दाबली की नळी तापते. बुडबुडा तर इतक्या त्वरेने मिटतो की आतील वायूची उष्णता बाहेर पडावयास अवसरच मिळत नाही. नोल्टिंग्क व नेपिरास यांनी १९५० साली हा उष्णतेचा विचार पुढे मांडला. १९८९ मध्ये अमेरिकेत गाइतान यांनी एकच बुडबुडा एका जागी धरून त्याचा प्रकाश पाहिला. २००५ साली फ्लॅनिगन व सस्लिक यांना गंधकाम्लातील बुडबुड्यात सुमारे १५,००० अंश तापमान आढळले. सूर्याच्या पृष्ठभागाच्या दुपटीहून हे अधिक! तरीही प्रकाश नेमका कसा निघतो, याविषयी विद्वानांचे पूर्ण एकमत झालेले नाही.

तोपर्यंत उपयोग मात्र थांबला नाही. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतील अनिरुद्ध पंडित व ज्येष्ठराज जोशी यांनी १९९३ साली तेलांच्या जलविघटनास हीच शक्ती लावून पाहिली. पुढे दूषित पाणी शुद्ध करण्याकडेही ती वळली. पोलाद पोखरणारी शक्ती अशा रीतीने पाणी निर्मळ करण्याच्या कामी आली. तिची ओळख पटली ती फिल्मवरील त्या ठिपक्यांनी. निसर्गाने टाकलेला डाग पुसण्यापूर्वी तो एकदा नीट पाहावा, हेच खरे.