डॉक्टर, इंजिनिअर आणि आयतीचा अर्थ

आजचा विषय जरा नाजूक आहे. इअरफोन लावा आणि पूर्ण ऐका, अर्धं ऐकून कमेंट नको. कारण आजचा विषयच मुळात अर्धं ऐकणं हा आहे.

प्रश्न असा, की कुराणाचा अर्थ कोणी लावायचा? मदरशात आलिम व्हायला साधारण आठ वर्षं लागतात. अरबी व्याकरण, हदीस, फिकह, कुठली आयत कुठल्या प्रसंगी उतरली, सगळं शिकावं लागतं. फतवा देणारा मुफ्ती व्हायचं तर त्यापुढे आणखी अभ्यास. आणि इकडे आपण! फोनवर ॲप, त्यात अनुवाद, सर्चमध्ये एक शब्द टाकला की दोन मिनिटांत अर्थ हजर. हा अधिकाराचा वाद मराठी माणसाला नवा नाही म्हणा. ज्ञानेश्वरांपासून तुकोबांपर्यंत आपण तोच ऐकत आलोय.

मुंबईत या प्रश्नाचं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे झाकीर नाईक. डॉक्टर माणूस, नायर हॉस्पिटलच्या टोपीवाला मेडिकल कॉलेजात शिकलेला. १९९१ साली इस्लामिक रिसर्च फाउंडेशन काढलं, कारभार डोंगरीतून. २००६ मध्ये पीस टीव्ही आला. सूट, टाय, टोपी, इंग्रजी भाषण आणि धडाधड अध्यायाचा नंबर, आयतीचा नंबर. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्या पोरांना ते भारी वाटायचं, कारण गल्लीतल्या मौलानांची उर्दू त्यांना झेपत नव्हती. हे नीट समजून घ्या. नाईक यांनी जी जागा भरली ती खरंच रिकामी होती. पण देवबंदी आणि बरेलवी, एरवी एकमेकांशी भांडणारे, दोन्हीकडच्या उलेमांनी त्यांच्यावर आक्षेप घेतले.

माझं मत सांगतो. नंबर पाठ असणं म्हणजे अर्थ कळणं नाही. आमच्या धंद्यात नवीन पोरगा नेटवरून कोड उचलतो आणि चिकटवतो. कोड चालतोही. पण तो कुठल्या व्हर्जनसाठी लिहिला होता हे बघितलं नाही, की एखाद्या शुक्रवारी रात्री सगळ्यांची झोप उडते.

एक उदाहरण घेऊ. नवव्या अध्यायातली पाचवी आयत. युद्धाची आज्ञा असलेली. कट्टर जिहादीही हीच दाखवतात आणि मुसलमानांविरुद्धचे फॉरवर्डही हीच दाखवतात. आता तिच्या एक ओळ वर जा. चौथ्या आयतीत करार पाळणाऱ्यांना सूट आहे. एक ओळ खाली या. सहावीत आश्रय मागणाऱ्या अनेकेश्वरवाद्याला आसरा देऊन सुखरूप पोचवायला सांगितलंय. संदर्भ मोडलेल्या कराराचा आहे. स्क्रीनशॉटमध्ये फक्त पाचवी येते.

आणि हे नुसतं कमेंटमधलं भांडण नाही. २०१४ च्या मे महिन्यात कल्याणचे चार तरुण इराकला गेले, आयसिसकडे. त्यांच्यात इंजिनिअरिंगची पोरं होती. त्याच सप्टेंबरमध्ये जगभरातल्या १२६ विद्वानांनी आयसिसचा प्रमुख बगदादी याला खुलं पत्र लिहिलं. पहिलाच मुद्दा होता, की लागणारा अभ्यास असल्याशिवाय फतवा देता येत नाही, आणि आयतीचा तुकडा तोडून वापरता येत नाही. पुढच्या वर्षी हजाराहून जास्त भारतीय उलेमांनी आयसिसविरुद्ध फतवा काढला. ती मोहीम मुंबईतूनच चालली.

बरं, मग डिग्री असली की झालं? इथेच गंमत आहे. ज्याला हे पत्र लिहिलं त्या बगदादीकडे कुराणविषयक अभ्यासातली डॉक्टरेट होती!

आता दुसरा माणूस घ्या. असगर अली इंजिनिअर. जन्म १९३९, राजस्थानात. शिक्षण सिव्हिल इंजिनिअरिंगचं, नोकरी मुंबई महापालिकेत. वडील बोहरा समाजातले धर्मगुरू, त्यामुळे अरबी, तफसीर, फिकह घरातच शिकले. बोहरा सुधारणा चळवळीत पडले, बायकांच्या हक्कांसाठी कुराणाचाच आधार घेत लिहीत राहिले. बहिष्कार सोसला, हल्ले सोसले. २००४ मध्ये त्यांना राइट लाइव्हलीहुड पुरस्कार मिळाला. २०१३ मध्ये ते गेले. कागदावर तेही ‘अनधिकृत’च! विरोधक त्यांना तेच सुनवायचे. फरक मला असा दिसतो, की ते आयत कुठल्या काळात, कुठल्या समाजाला उद्देशून आली हे आधी मांडायचे आणि मग स्वतःचं मत द्यायचे. वाचणाऱ्याला ते मत खोडायची सोय राहायची. टाळ्यांच्या गजरात अशी सोय नसते.

आता हाजी अली. २०११-१२ च्या सुमारास दर्ग्याच्या ट्रस्टनं बायकांना मजारीपाशी जायला बंदी केली. त्याआधी त्या जातच होत्या. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण हायकोर्टात गेल्या. ट्रस्टचं म्हणणं, पुरुष संताच्या कबरीजवळ स्त्रीनं जाणं मोठं पाप. त्यासाठी कुराण आणि हदीसचे दाखले दिले. बायकांनी आपल्या बाजूचे दाखले दिले. म्हणजे एकाच ग्रंथातून दोन उत्तरं, आणि समोर दोन न्यायमूर्ती, कानडे आणि मोहिते-डेरे, ज्यांचा तो धर्मग्रंथच नव्हे. कोर्टानं ट्रस्टचे दाखले तपासले आणि म्हटलं, यातून इस्लाम बायकांना अडवतो असं सिद्ध होत नाही. २६ ऑगस्ट २०१६ ला बंदी उठवली. ट्रस्ट सुप्रीम कोर्टात गेला आणि तिथे स्वतःच तयार झाला.

योगायोग बघा. २०१६ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं डोंगरीच्या त्या फाउंडेशनवर बंदी घातली. नाईक तेव्हा देशाबाहेर होते, पुढे मलेशियात राहिले, आरोप नाकारत राहिले. आणि त्याच महिन्याच्या २९ तारखेला बायका हाजी अलीच्या समुद्रातल्या वाटेनं चालत आत गेल्या, चादर चढवायला.