भांड्याला भांडं

आमच्या घरी भांडी धुण्याचं यंत्र आलं ते २०२० साली. टाळेबंदीत मावशींचं येणं थांबलं आणि वीस वर्षं बँकेत फक्त लेजरं उपसलेले माझे हात पहिल्यांदा कढईला लागले. पहिला आठवडा हौसेत गेला, दुसरा कर्तव्यात. तिसऱ्या आठवड्यात मी हप्त्यांचा हिशेब मांडायला बसलो. हप्ता आणि मावशींचा पगार यांत दोनशे रुपयांचा फरक निघाला. हा आकडा मी घरात कुणाला सांगितला नाही.

यंत्राच्या आधी गैरसमज घरपोच आले. आई म्हणाली, “सगळ्यांची उष्टी-खरकटी भांडी एकाच पाण्यात? शिव शिव!” शेजारचे काका म्हणाले, “टाकी रिकामी करील हो!” यात मीठ घालावं लागतं हे ऐकून बायकोने विचारलं, “मग चहा खारट नाही लागणार?” मी मात्र ठामपणे सांगत होतो, की अमेरिकेतल्या कुणा सज्जनाने गृहिणींचे कष्ट पाहून हे यंत्र काढलं. चौघांत माझाच गैरसमज मोठा निघाला, म्हणून आधी तो निस्तरतो.

पहिली गोष्ट, तो सज्जन नव्हता, बाई होती. जोसेफिन कॉक्रन. राहणार शेल्बीव्हिल, इलिनॉय. दुसरी गोष्ट, तिला कष्टांची नव्हे, बशांची काळजी होती. घरी मेजवान्या झडत, भांडी नोकर धूत, आणि भांड्याला भांडं लागून चिनी मातीच्या जुन्या बशांचे टवके उडत. बाईने चिडून स्वतः धुवायला घेतली. मग तिलाही माझ्यासारखाच तिसरा आठवडा लागला असावा.

पण नुसत्या चिडण्यातून यंत्रं निघत नाहीत. नाहीतर आमच्या शाखेतून रोज एक निघालं असतं. १८८३ मध्ये तिचा नवरा वारला. मागे रोकड थोडी आणि कर्ज मोठं. इथे माझ्यातला कारकून ताठ बसला. तोवर जी हौस होती तिची आता निकड झाली. घरामागच्या शेडमध्ये जॉर्ज बटर्स नावाच्या मेकॅनिकला हाताशी धरून ती कामाला लागली. मापं घेऊन तारेचे कप्पे केले. बशीला बशीचा, कपाला कपाचा. ते कप्पे एका चाकावर बसवले, चाक तांब्याच्या बॉयलरमध्ये ठेवलं, आणि चाक फिरताना भांड्यांवर साबणाच्या गरम पाण्याचा मारा होईल अशी सोय केली. १८५० मध्ये जोएल हॉटन नावाच्या गृहस्थाने भांड्यांवर पाणी उडवणारं एक लाकडी यंत्र काढलं होतं, पण ते फारसं चाललं नाही. बाईंना पेटंट मिळालं २८ डिसेंबर १८८६ रोजी. (आडनावाच्या शेवटी त्या एक जादा ‘ई’ लावत, जो नवरा लावत नसे. आमच्याकडे असत्या तर सही जुळत नाही म्हणून पहिलाच चेक परत गेला असता.)

१८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात यंत्राला बक्षीस मिळालं. मात्र गिऱ्हाईक आलं ते हॉटेलांतून. साध्या घरात एवढं गरम पाणी होतं कुठे? बाई १९१३ मध्ये वारल्या, कंपनी १९२६ मध्ये होबार्टकडे गेली, आणि अमेरिकेतल्या साध्या घरांत असं यंत्र रुळायला १९५० नंतरचा काळ उजाडला. ज्या गृहिणीसाठी ते निघालं असं मी सांगत होतो, तिच्यापर्यंत पोचायला त्याला साठ-सत्तर वर्षं लागली.

आता उरलेले तिघे. आईला सांगितलं, पहिलं पाणी खरकटं घेऊन बाहेर जातं, मग धुणं, मग नव्या पाण्यात विसळणं. तिने ऐकलं, आणि तरीही प्रत्येक ताट नळाखाली लख्ख करूनच यंत्रात ठेवलं. खरकटं काढून टाकलं की पुरे. उरलेली पिठूळ, चिकट घाण फोडायला साबणातच एन्झाइम असतात. आईने त्यांना उपाशी ठेवलं. काकांची टाकी वाचली. आमचं यंत्र एका खेपेला दहा-बारा लिटरच घेतं. तेवढं तर मी नळ सोडून कुकरचा तळ शोधेपर्यंत जायचं. मीठ भांड्यांना लागतच नाही. पाण्याचा जडपणा शोषणारी आत एक गाळणी असते, तिला ताजंतवानं करायला ते असतं, आणि तेही वेगळं, जाड, स्वयंपाकाचं नव्हे. जर्मनची कढई मात्र घालू नये. आईची मी घातली, ती काळी होऊन निघाली. त्यावर तिने जे ऐकवलं ते इतिहासात बसत नाही.

दिवाळीच्या सुमारास मावशी परत आल्या. यंत्राकडे बघून म्हणाल्या, “मग आता मी काय करू, ताई?” माझ्या डोळ्यांपुढे ते दोनशे रुपये नाचले. बायको म्हणाली, “कढई, तवा, कुकर आहेतच. आणि पगार आहे तोच.” मला विचारलं नाही, ते बरं केलं.

मावशींनी यंत्राचं दार उघडलं. मी दाटीवाटीने कोंबलेली ताटं पाहून त्या म्हणाल्या, “दादा, भांड्याला भांडं टेकलं तर पाणी जाणार कुठनं?” आणि एकेक ताट उचलून ज्याच्या त्याच्या कप्प्यात उभं करू लागल्या.