रेडिओचं लायसन्स आणि फोनचं कुलूप

आजचा एपिसोड माझ्या मावसभावामुळे होतोय. तो विट्याला असतो. दिवाळीत त्याने सांगलीतून एक जुना फोन घेतला आणि चार दिवसांत नेटवर्कच गेलं. सिम बदललं, तरी तेच. दुकानदार म्हणाला, "आयएमईआय ब्लॉक झालाय. नंबर बदलून देतो, पाचशे रुपये." संध्याकाळी मावशीच्या फोनवरून त्याने मला विचारलं, "दादा, तू पण तुझ्या फोनचं लॉक तोडून दुसरी रॉम टाकलीयेस ना? मग हे पण तसंच की."

तसंच नाही. पण का नाही, हे सांगायला जरा मागे जावं लागतं.

कऱ्हाडच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत एक छोटं पुस्तक आहे, रेडिओचं लायसन्स. हो, रेडिओ नुसता ऐकायला लायसन्स लागायचं! दरवर्षी पोस्टात जायचं, फी भरायची आणि शिक्का मारून आणायचा. 1963 मध्ये आकाशवाणीचं सांगली केंद्र सुरू झालं. घरचं केंद्र असलं तरी पुस्तक लागायचंच. रेडिओ आजोबांचा, पैसे त्यांचे, तरी परवाना नसेल तर तो घरात ठेवणं गुन्हा. हा 1933 चा वायरलेस टेलिग्राफी कायदा. पहिल्यांदा पकडलं तर शंभर रुपयांपर्यंत दंड.

ऐकणाऱ्या डब्याला शंभर रुपये. बोलणाऱ्या डब्याची, म्हणजे ट्रान्समीटरची, भीती सरकारला वेगळीच. 1942 मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत लपूनछपून काँग्रेस रेडिओ चालवला. जेमतेम तीन महिने चालला, पण उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली. आणि गंमत बघा, इंग्रज गेल्यावर 1949 मध्ये आपल्याच सरकारने कायदा दुरुस्त करून विनापरवाना ट्रान्समीटरला तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. रेडिओच्या लायसन्सची कटकट पुढे 1980 च्या दशकात संपली.

आता खिशातला फोन घ्या. तो ऐकतो आणि बोलतोही.

2003 मध्ये रिलायन्सने सीडीएमए फोन हप्त्यांवर द्यायला सुरुवात केली. साधारण 10,500 रुपयांचा हँडसेट 3,350 रुपये भरून हातात, बाकी तीन वर्षं दरमहा. अट एकच, फोन त्यांच्याच नेटवर्कवर चालणार. प्रत्येक हँडसेटला ईएसएन नावाचा 32 बिटांचा नंबर असायचा. रिलायन्सने हैदराबादला तक्रार केली की टाटा इंडिकॉमची माणसं हे नंबर बदलून गिऱ्हाइकं पळवतायत. आरोपी हायकोर्टात गेले. 29 जुलै 2005 ला आंध्र प्रदेश हायकोर्टाने म्हटलं, मोबाइल हाही आयटी कायद्याप्रमाणे कॉम्प्युटरच. त्यामुळे कलम 65 आणि कॉपीराइटच्या आरोपांचा तपास थांबवायला कोर्टाने नकार दिला. यूट्यूबवर लोक यावरून 'अनलॉकिंग बेकायदा' असं ठोकून देतात. कोर्टाने कुणाला दोषी ठरवलंच नव्हतं, आणि आरोप होता तो नंबर बदलल्याचा.

नुसतं कुलूप काढण्याबद्दल आपला कायदा अमेरिकेपेक्षा मोकळा आहे, हे फार कमी जणांना माहीत असतं. तिथे जानेवारी 2013 नंतर घेतलेला फोन कंपनीला न विचारता दुसऱ्या नेटवर्कसाठी अनलॉक करणं बेकायदा झालं होतं. लोकांनी आरडाओरडा केला, तेव्हा 2014 मध्ये खास कायदा आणून ते सोडवावं लागलं. आपल्याकडे कॉपीराइट कायद्यात 2012 ला कलम 65अ आलं, पण त्यात कुलूप तोडणाऱ्याचा हेतू बघतात. कॉपीराइटचा भंग करायच्या हेतूने तोडलं, तर गुन्हा. वर कलम 52 प्रमाणे कायदेशीर मिळालेल्या प्रोग्रॅममध्ये स्वतःच्या, बिनधंद्याच्या वापरासाठी बदल करायला मुभा आहे. मी वकील नाही, इंजिनिअर आहे. पण मी हे असं वाचतो: बूटलोडर उघडला, रूट केलं, रॉम बदलली, तर वॉरंटीवर पाणी सोडावं लागेल, बँकेचं ॲप रुसेल, पोलीस मात्र येणार नाहीत. ॲप्सची चोरी करायला रूट केलं, तर गोष्ट वेगळी.

आयएमईआय मात्र सॉफ्टवेअरची आवडनिवड नाही. नेटवर्क फोनला ओळखतं ते त्या पंधरा आकड्यांवरून. चोरीची तक्रार झाली की तोच नंबर ब्लॉक होतो. तो बदलणं 2017 च्या नियमांपासून स्पष्टपणे गुन्हा आहे, आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परत तीन वर्षं! 1949 चाच आकडा.

हे सगळं भावाला सांगितलं. तो म्हणाला, "पण दादा, पैसे मी दिलेत ना?" आजोबांनीही रेडिओचे दिले होते. खरं तर ब्लॉक झालाय म्हणजे तो फोन बहुतेक कुणाचा तरी चोरीला गेलेला, असं म्हटल्यावर तो गप्प झाला.

घेण्याआधी स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून नंबर काढून संचार साथीवर तपासला असता, तर तिथल्या तिथे कळलं असतं. पाच मिनिटांचं काम. आता पावती घेऊन तो सोमवारी परत सांगलीला जाणार आहे, आणि यावेळी मावशीही बरोबर जाणार आहे.