पडद्यावरचं त्वचारोग शिक्षण: गोष्ट २०२० ला सुरू होत नाही

माझ्या संशोधन आराखड्याचं पहिलं वाक्य होतं, "कोविडमुळे २०२० मध्ये त्वचारोगाच्या निवासी डॉक्टरांचं शिक्षण ऑनलाइन झालं." गाईडनी समासात एवढंच लिहिलं, "त्याआधी?" त्या एका शब्दात माझे सहा महिने गेले. तुमचे वाचावेत म्हणून सांगते.

त्वचारोग हा आधी डोळ्यांनी शिकायचा विषय. पण दुर्मीळ आजाराचा रुग्ण आपल्याला हवा तेव्हा ओपीडीत येत नाही. म्हणून एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात ज्यूल बारेता रुग्णाच्या अंगावरून साचा घेऊन मेणाच्या हुबेहूब प्रतिकृती करायचा. १८८९ मध्ये तिथं त्यांचं संग्रहालय उघडलं. म्हणजे रुग्ण समोर नसताना शिकवणं तेव्हापासूनचं.

१९६८ मध्ये बोस्टनच्या लोगन विमानतळावरचा दवाखाना टीव्हीने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलशी जोडला गेला. टीव्हीवरून त्वचारोगाचं निदान कितपत अचूक होतं, यावरचा तिथला शोधनिबंध १९७२ चा. 'टेलिडर्मेटॉलॉजी' हा शब्द १९९५ मध्ये आला. भारतात टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२० ला निघाली, लॉकडाउनच्या पहिल्याच दिवशी. साथीने घाई केली, कल्पना जुनीच होती.

मग नवा प्रश्न उरतो कुठे? दोन जागा दाखवते.

पहिली, स्पर्श. कुष्ठरोगाचा चट्टा फोटोत दिसेल. पण तिथली संवेदना गेली आहे का, नस जाड झाली आहे का, हे हात लावल्याशिवाय कळत नाही.

दुसरी, फोटोत कोण आहे. कोविडच्या त्वचालक्षणांवरच्या लेखांतले फोटो २०२० मध्येच तपासले गेले. फिट्झपॅट्रिक मापनातल्या सर्वांत गडद दोन प्रकारांच्या त्वचेचा त्यांत एकही नव्हता. गंमत म्हणजे १९७२ च्या त्या निबंधाच्या लेखकांत हेच फिट्झपॅट्रिक होते! गोऱ्या त्वचेवरचा लालसरपणा सावळ्या त्वचेवर तपकिरी किंवा जांभळट दिसतो. फक्त गोरे फोटो बघून शिकलेला डॉक्टर तो कसा ओळखणार?

म्हणून "ऑनलाइन शिक्षण चांगलं की वाईट" असा प्रश्न घेऊ नका. त्याचं उत्तर कुणालाच उपयोगी पडत नाही. कोणतं कौशल्य, कोणत्या माध्यमातून आणि कोणाच्या त्वचेवर, असं विचारा. आणि हो, आराखड्यातलं पहिलं साल खोडून स्वतःलाच विचारा: त्याआधी?