तेंदूचे पान आणि दोन कलमे

भंडारा जिल्ह्यातील सिहोऱ्याच्या आसपासच्या खेड्यांतून वैशाखात पहाटेच रानात शिरून तेंदूचे पान खुडणाऱ्या, आणि ऊन चढल्यावर अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी वाखाने बांधणाऱ्या बायामाणसांना, या पानावर खरा हक्क कोणाचा याविषयी सर्वोच्च न्यायालयाने एकाच कायद्याचे दोन विरुद्ध अर्थ लावले होते, याची वार्ता क्वचितच असेल.

इंग्रजी बंदोबस्ताने गावचे मालक ठरविलेल्या मालगुजारांचा हक्क मध्य प्रदेश सरकारने १९५० च्या कायद्याने संपविला, आणि भंडारा जिल्हा तेव्हा त्या प्रांतात असल्यामुळे ३१ मार्च १९५१ रोजी रान, झाडे, तलाव, घाट, बाजार हे सारे, कलम ३ व ४ यांच्या शब्दांत, सर्व बोजांपासून मुक्त होऊन सरकारकडे आले. परंतु त्याच कायद्याचे कलम ६ असे सांगत होते की, १६ मार्च १९५० नंतर मालकाने केलेले हस्तांतरण रद्दबातल समजावे. मग त्या तारखेपूर्वी बिडीच्या व्यापाऱ्यांनी मालगुजारांशी केलेल्या पानांच्या करारनाम्यांचे काय? नंतरचे तेवढे रद्द, तर आधीचे कायम, हा व्यापाऱ्यांचा युक्तिवाद १९५२ च्या अखेरीस छोटाभाई जेठाभाई पटेल यांच्या प्रकरणात न्यायालयाने ग्राह्य धरला.

पण असा अर्थ घेतला, तर सर्व बोजे उडविणाऱ्या कलम ३ चे काय? दोन वचनांत विरोध दिसताच एकाला टाकू नये, दोहोंना आपापले क्षेत्र मिळेल असा अर्थ आधी शोधावा, ही दृष्टी आपल्याकडे नवी नाही. मीमांसकांनी विकल्पाला, म्हणजे दोहोंपैकी कोणतेही एक निवडण्याला, आठ दोष लावून तो अगतिकांचा मार्ग ठरविला, तो याच जाणिवेने.

१९५९ साली, जिल्हा मुंबई राज्यात आल्यानंतर, महादेव विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात नागपूरच्याच वकिलीतून व न्यायासनावरून पुढे गेलेल्या न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी निर्णय दिला, की पुढील हंगामांचे पान खुडण्याचा अधिकार हा जमिनीतीलच हितसंबंध असून तो मालकीबरोबर लयास गेला. कलम ६ च्या मौनातून त्याला जीवदान मिळत नाही. मला हाच अर्थ कायद्याच्या हेतूशी प्रामाणिक वाटतो, कारण मालगुजार जावा आणि त्याचा करारनामा मात्र वर्षानुवर्षे रानावर अंमल चालवीत राहावा, हे विधिमंडळाला अभिप्रेत असणे शक्य नव्हते.

पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्राने वनोपज व्यापार नियमनाचा स्वतंत्र कायदा केला.